बार्शी लाईट : फोटोच्या कडेला उरलेली रेल्वे

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जाणाऱ्या गाडीचे प्रयोग झाले ते इंग्लंडमध्ये. लीड्स शहराजवळ न्यूले नावाच्या ठिकाणी अडीच फूट रुंदीचे रूळ मुद्दाम टाकले गेले, आणि भारतात रवाना होण्याआधी इंजीन व मालडबे त्यांवरून पळवून पाहिले गेले. अशा प्रयोगाच्या फोटोत इंजीन बार्शीचे आणि जमीन यॉर्कशरची असते. रेल्वेच्या जुन्या फोटोंचा नाद असलेल्या माणसाला हे कळायला इंजिनाचा नंबर वाचावा लागत नाही. त्याची नजर आधी इंजिनामागच्या झाडांकडे जाते.

ही सवय समजून घ्यायला बार्शी लाईट रेल्वेइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. मिरजेपासून लातूरपर्यंत सुमारे ३२५ किलोमीटर पसरलेली ही छोटी रेल्वे आज कुठेच नाही. रुंद रूळ आले आणि तिचे रूळ, इंजिने, डबे सगळे गेले. तरी तिच्या एकेका स्टेशनाबद्दल, एकेका पुलाबद्दल कुर्डुवाडीपासून लंडनपर्यंतची माणसे आजही फोटो समोर ठेवून तासन्‌तास बोलू शकतात. त्यांना कुणी रेल्वेवेडे म्हणते, कुणी रेल्वेप्रेमी. हल्ली ‘रेलफॅन’ हा शब्दही मराठीत रुळला आहे.

आधी ही रेल्वे काय होती ते पाहू.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा १८५७ साली जन्मलेला इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, नोकरीला आला. मुंबई–मद्रास मुख्य मार्ग बार्शीला टाळून गेला होता. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण तिथला माल बैलगाड्यांतून वीस-बावीस मैलांवरच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनावर न्यावा लागे. हे बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून भरलेली गाडी ओढताना बैलांचे काय होत असेल, ते त्या भागात चिखलात अडकलेला ट्रॅक्टर पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कॅलथ्रॉपच्या मनात या अंतरासाठी स्वस्त, हलकी पण खऱ्या अर्थाने काम करणारी रेल्वे घोळू लागली. सरकारदरबारी आणि भांडवलदारांकडे बरीच वर्षे खेटे घालून १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी बार्शीला पोचली.

त्या काळी ‘छोटी रेल्वे’ म्हणजे मोठ्या रेल्वेची खेळण्यातली नक्कल, असाच समज होता. डबे लहान, इंजीन लहान, मालही थोडा. कॅलथ्रॉपने हिशोब उलट्या बाजूने मांडला. रुळावर भार पडतो तो अख्ख्या गाडीचा नव्हे, एकेका आसाचा. मग प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार येईल अशी मर्यादा त्याने घातली, आणि ती इंजिनाला, प्रवासी डब्याला व मालडब्याला सारखीच लावली. त्यामुळे इंजिनासाठी रूळ भारी घाला आणि डब्यांच्या वेळी ती ताकद वाया घालवा, असे करावे लागले नाही. यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो वजनाचे रूळ पुरले. इंजिनाचे वजन मात्र कमी करून चालणार नव्हते, कारण वजनाशिवाय ओढ येत नाही. म्हणून ते जास्त आसांवर पसरले. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चालती चाके आणि मागे आधाराची चार चाके होती. मालडब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे होते. ते हलके होते, तरी एकेका डब्यात पंधरा टनांच्या आसपास माल बसे. अडीच फुटांच्या रुळावर पंधरा टन! जगभरच्या हलक्या रेल्वेच्या इंजिनियरांनी बार्शीकडे पाहायला सुरुवात केली ती या आकड्यामुळे.

(या कॅलथ्रॉपबद्दल एक अवांतर. मोटार आणि विमानांच्या दुनियेतला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. ‘गार्डियन एंजल’ नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरली गेली. अरबी घोड्यांचाही त्याला नाद होता आणि घोड्यांवर त्याने पुस्तक लिहिले. बार्शीकरांच्या गाडीचा जनक असा बहुरंगी निघावा, याचे मला कौतुक वाटते. बार्शीत त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते, याचे आश्चर्य मात्र वाटत नाही.)

बार्शीला पोचलेली रेल्वे तिथेच थांबली नाही. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दुसरा फाटा पंढरपूरला गेला. बार्शीच्या पुढची वाट तडवळ्यापर्यंत आणि मग टप्प्याटप्प्याने १९११ मध्ये लातूरला भिडली. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ, आरग असे करत ती मिरजेला पोचली. या मार्गाची एक गंमत नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. लातूरला बसलेला प्रवासी निजामाच्या राज्यात गाडीत चढे, पुढे इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात शिरे आणि शेवटी पटवर्धनांच्या मिरज संस्थानात उतरे. राज्ये बदलत, गाडी तीच राही. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. लोकांनी मात्र नाव बदलले नाही. गाडी जाईपर्यंत ती ‘बार्शी लाईट’च होती.

पंढरपूरचा फाटा सुरू झाला आणि या रेल्वेचे वर्ष दोन भागांत विभागले गेले : यात्रेचे दिवस आणि बाकीचे दिवस. आषाढी-कार्तिकीला छोट्या डब्यांत माणसे मावत नसत. टपावर, दोन डब्यांच्या मधल्या जागेत, पायरीवर, जिथे पाय टेकेल तिथे वारकरी असत. देशी-परदेशी फोटोग्राफरांना या गाडीने सर्वांत जास्त मोह घातला तो याच दिवसांत. त्यामुळे आज मिळणाऱ्या फोटोंत बार्शी लाईट नेहमी माणसांनी लगडलेली दिसते. फक्त फोटोंवर विसंबले तर ही गाडी वर्षभर अशीच जाई असे वाटेल. एरवीच्या दिवशी दुपारी मोडनिंबच्या फलाटावर दोन माणसे आणि एक पोते उतरवून निघून जाणारी गाडी कुणी टिपली नाही, कारण तिच्यात टिपण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटले नाही.

जुन्या रेल्वेच्या अभ्यासातली खरी अडचण इथेच आहे, आणि ती इंजिनांची नाही. इंजिनांची नोंद उत्तम झालेली आहे. कोणत्या कारखान्याने कोणत्या साली कोणत्या क्रमांकाचे इंजीन बनवले याच्या याद्या कारखान्यांच्या वह्यांत होत्याच. ह्यू ह्यूज या ब्रिटिश अभ्यासकाने १९९०च्या दशकात ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’ या नावाने चार भाग काढले, त्यांतला एक भाग पूर्ण नॅरोगेज इंजिनांना वाहिलेला आहे. असल्या याद्या वाचणे म्हणजे पंचांग वाचण्याइतकेच रुक्ष काम आहे, पण नाद असलेल्याला त्यात रात्र पुरत नाही. सांगायचा मुद्दा असा की इंजिनाचे जन्मसाल शोधायला फोटो लागत नाही. फोटो लागतो तो बाकी सगळ्यासाठी. पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकाला होती? सिग्नलचा हात वर उठायचा की खाली पडायचा? स्टेशनमास्तरच्या खोलीवर कौले होती की पत्रे? तिसऱ्या वर्गाच्या डब्याला दार होते की नुसती साखळी? हे कुठल्याही यादीत नसते. ते फोटोच्या कडेला, चुकून आलेले असते.

चुकून म्हणायचे कारण असे. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८ मध्ये बंद झाली. भारतात चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजीन, ‘अंतिम सितारा’, बांधले ते १९७० साली. म्हणजे तिकडे वाफ संपली तेव्हा इकडे नवी इंजिने नुकतीच रुळावर उतरत होती. साहजिकच पुढची वीस-पंचवीस वर्षे इंग्रज, जर्मन, ऑस्ट्रेलियन हौशी माणसे कॅमेरे घेऊन भारतभर हिंडली. त्यांच्याकडे छत्तीस फोटोंचे रोळ असत आणि मोजके दिवस. रेल्वेचे फोटो काढायला परवानगी लागे, पूल आणि स्टेशने संवेदनशील मानली जात, आणि एखाद्या उत्साही शिपायाने हटकले की अर्धा दिवस चौकीत जाई. अशा माणसाने चौकट भरून इंजीनच टिपले तर त्याला दोष कसा देणार? ठरलेली पद्धतही होती : गाडी समोरून थोडी तिरकी, ऊन चाकांवर पडलेले, धूर मागे वळलेला, माणूस शक्यतो चौकटीबाहेर. असे शेकडो फोटो आहेत. सुंदर आहेत. पण एकाच इंजिनाचे सात फोटो मिळतात आणि ते इंजीन ज्या शेडच्या दारात उभे आहे त्या शेडचा एकही मिळत नाही.

याच्या उलट घरातल्या अल्बमांतले फोटो. लग्न लागून वऱ्हाड परत निघाले आहे, बदली झालेल्या मास्तरांना निरोप द्यायला गाव जमले आहे, शाळेची सहल पंढरपूरला चालली आहे. फोटो माणसांचा आहे आणि मागे डब्याचा अर्धा तुकडा आला आहे. तंत्राच्या दृष्टीने तो फोटो वाईटच असतो. पण त्या अर्ध्या तुकड्यावर अक्षरे असतात, खिडकीचे गज असतात, फलाटावरच्या फळ्यावर गावाचे नाव कोणकोणत्या लिप्यांत लिहिले आहे ते असते. माझ्या मते बार्शी लाईटबद्दलची सर्वांत मोलाची माहिती अजून अशा अल्बमांतच पडून आहे, आणि त्या अल्बमच्या मालकांना आपल्याकडे रेल्वेचा फोटो आहे याची कल्पनाही नाही.

एक फोटो घेऊन रेल्वेप्रेमी काय करतात ते पाहण्यासारखे असते. समजा फोटोमागे काहीच लिहिलेले नाही. पहिली गोष्ट, डब्यावरची अक्षरे. कंपनीची आद्याक्षरे असतील तर फोटो १९५४च्या आधीचा किंवा रंगकाम व्हायचे राहिलेल्या एक-दोन वर्षांतला, मध्य रेल्वेची असतील तर नंतरचा. दुसरी गोष्ट, सावली. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे मार्ग बहुतेक दक्षिणेला जातो; तेव्हा पंढरपूरकडे तोंड केलेल्या गाडीची डावी बाजू उन्हात असेल तर वेळ सकाळची. मग जुने वेळापत्रक काढायचे. कलकत्त्याहून निघणारे न्यूमन कंपनीचे ‘इंडियन ब्रॅडशॉ’ ज्यांच्या कपाटात आहे त्यांचा अशा वेळी भाव वधारतो. सकाळी त्या दिशेला जाणारी गाडी एकच असेल तर तिचा नंबर मिळाला. तिसरी गोष्ट, इंजिनावरची पितळी पाटी. इथे मात्र सावध राहावे लागते. वर्कशॉपमध्ये एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढे, सुटे भाग इकडचे तिकडे होत. त्यामुळे पाटी सांगते ते वय अख्ख्या इंजिनाचे असेलच असे नाही. चौथी गोष्ट, सोबतचा माल. कापसाच्या गाठी असतील तर महिने कोणते, उसाच्या मोळ्या असतील तर कोणते, हे शेतकऱ्याच्या घरातला माणूस लगेच सांगतो आणि लंडनचा जाणकार तिथे गप्प बसतो. पाचवी गोष्ट म्हणजे डोंगर. झाडे तोडली जातात, इमारती पडतात, पण मागची टेकडी जागची हलत नाही. जागा ठरवण्याचे वाद बहुधा टेकडीवरच मिटतात.

जमिनीवरचा शोध याहून निराळा. शेताचे बांध सरळ असतात, कोपऱ्यात मोडतात. रेल्वेला कोपरा चालत नाही. तिला लांबलचक, एकसारखे वळण लागते. उपग्रहाने घेतलेल्या चित्रात दहा-बारा शेतांना न जुमानता जाणारी एकसंध कमान दिसली की तिथे कधीकाळी रूळ होते असे समजायला हरकत नाही. गावनकाशातही रेल्वेची पट्टी वेगळी आखलेली असते आणि ती गाडी गेल्यावरही बरीच वर्षे तशीच राहते. प्रत्यक्ष जागेवर गेले तर ओढ्यावर घडीव दगडाची छोटी मोरी भेटते. तिच्यावरून ना रस्ता जातो ना पाट, आणि ती इतक्या खर्चाने कुणी बांधली असेल असा प्रश्न नवख्याला पडतो.

बार्शी लाईटच्या बाबतीत हा शोध अवघड आहे, कारण तिचा बराचसा मार्ग पुसला गेलेला नाही. त्याच्यावर दुसरा मार्ग बसला आहे. मिरज–लातूर मार्गाचे रुंदीकरण तुकड्यातुकड्याने झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी रुंद झाले. लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये सुरू झाले, त्यानंतर पंढरपूर–मिरज. यात एक मोठा बदल झाला. जुनी छोटी गाडी उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, शहराला टाळून येडशीवरून जाई. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही ही तक्रार जुनीच होती. रुंद मार्ग शहराजवळून वळवला गेला आणि त्यामुळे जुन्या वाटेचा काही भाग एकटा पडला. रेल्वेप्रेमींची पावले वळतात ती या भागाकडे.

मिरजेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मिरज हे या लोकांचे तीर्थक्षेत्रच होते. पुणे–मिरज मार्ग मूळचा मीटरगेज. तो १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. बेळगाव–लोंढ्याकडे जाणारा मार्ग पुढे बरीच वर्षे मीटरगेजच राहिला. पंढरपूरकडून येणारी बार्शी लाईट नॅरोगेज. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ मिरजेच्या एकाच आवारात साडेपाच फूट, एक मीटर आणि अडीच फूट अशा तीन रुंदींचे रूळ होते. कोल्हापूरहून आलेला मुंबईचा प्रवासी, गोव्याकडे निघालेला प्रवासी आणि सांगोल्याचा शेतकरी एकाच पुलावरून उतरून तीन वेगवेगळ्या उंचीच्या डब्यांत शिरत. माल मात्र असा चालत जात नाही. त्याला एका डब्यातून दुसऱ्यात हमालांच्या डोक्यावरून जावे लागे, त्यात वेळ जाई, पोती फाटत, चोऱ्या होत. गेज बदलण्यामागचे मुख्य कारण हेच होते, आणि ते पटण्यासारखे आहे. छोटी गाडी गेल्याचे दुःख मलाही वाटते, पण लातूरहून रात्री बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसापुढे ते दुःख मांडायची माझी हिंमत नाही.

तीनही रुंदींचे रूळ एकाच चौकटीत आलेला मिरजेचा फोटो संग्राहकांत फार मानाचा. तो काढायला पादचारी पुलावर चढून नेमक्या जागी उभे राहावे लागे, आणि तिन्ही रुळांवर एकाच वेळी गाडी असावी अशी प्रार्थना करावी लागे.

या सगळ्यात इंग्रजांना बार्शीचे एवढे वेड का, याचे उत्तर त्यांच्या घराजवळ आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात १९०४ मध्ये एक हलकी रेल्वे सुरू झाली. तिचा सल्लागारही कॅलथ्रॉपच. त्याने बार्शीचाच नमुना तिकडे नेला : अडीच फुटांचे रूळ, किटसनची इंजिने, दोन्ही टोकांना सज्जे असलेले, उन्हाळी देशात शोभतील असे डबे. इंजिनांच्या पुढे भलेमोठे दिवे होते, जे त्या चिमुकल्या खोऱ्यात कधी लावायची वेळच आली नाही. दोन इंजिनांपैकी एकाचे नाव होते ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. मोठ्या रेल्वेचा भरलेला डबा जसाच्या तसा उचलून छोट्या रुळांवरून नेणारे खास वाहकही तिथे होते. म्हणजे मिरजेच्या हमालांची दगदग ज्याने वाचली असती तो उपाय. पण खोऱ्यात वस्ती विरळ, मुख्य माल दूध, आणि दूध लवकरच मोटारीने जाऊ लागले. मार्च १९३४ मध्ये सव्वाआठ मैलांची ही रेल्वे बंद पडली. तिच्या वाटेवर १९३७ पासून पायवाट आहे, बोगद्यासकट. दोन्ही इंजिने भंगारात गेली. तेव्हा मॅनिफोल्डचे डबे-इंजिने प्रत्यक्ष कशी चालत असतील हे पाहायचे तर इंग्रज माणसाला एकच जिवंत जागा उरली होती, ती म्हणजे कुर्डुवाडी. आपल्या गावाची हरवलेली गाडी शोधत माणसे सोलापूर जिल्ह्यात येत होती. बार्शीच्या स्टेशनावरच्या हमालाला हे सांगितले असते तर त्याने हात जोडले असते.

महाराष्ट्रात अशी हरवलेली गाडी एकच नाही. विदर्भातली शकुंतला जास्त प्रसिद्ध झाली, कारण तिच्या मालकीची कहाणी रंगतदार आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर असे सुमारे १९० किलोमीटरचे नॅरोगेज मार्ग उभारले. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजीन इथे सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेलने त्याची जागा घेतली. देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्यानंतरही या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली, हे वृत्तपत्रांनी इतक्या वेळा लिहिले आहे की शकुंतलेबद्दल लोकांना तेवढेच माहीत असते. तिथल्या स्टेशनांवर एकच माणूस तिकीट देई, सिग्नल पाडी आणि डबा जोडी, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. पुलगाव–आर्वी हा तिचाच धाकटा भाऊ, ३५ किलोमीटरचा. नागपूर–छिंदवाडा आणि जबलपूर–नैनपूर हे सातपुड्यातले मार्ग २०१५ मध्ये थांबले, नागपूर–नागभीड २०१९ मध्ये. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात.

काही ठिकाणी अख्खा मार्ग न जाता एखादे टोक गेले. मुंबईत चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत गाडी जाई. ३१ डिसेंबर १९३० रोजी ती शेवटची गेली. स्टेशन होते तिथे आता बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. बोरघाटात १८६३ पासून गाडी डोंगराच्या कड्यावर येऊन थांबे आणि इंजीन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे चढे. विजेवरच्या गाड्यांसाठी नवा मार्ग काढल्यावर १९२९ मध्ये ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. या दोन्ही जागांचे जुने फोटो उत्तम आहेत. आठवणी सांगणारा मात्र आता कुणी नाही. बार्शी लाईटचे तसे नाही, आणि म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याची वेळ आताची आहे. तिच्यात बसलेली माणसे चाळिशीपासून नव्वदीपर्यंत सगळ्या वयांत भेटतात.

पण आठवणींनाही फोटोंसारखीच खोड असते. ‘चालत्या गाडीतून उतरायचे, शेतात शिरून हरभरा उपटायचा आणि पळत येऊन मागच्या डब्यात चढायचे’ ही गोष्ट बार्शी लाईटबद्दल जो तो सांगतो. हीच गोष्ट शकुंतलेबद्दल सांगतात, पाचोरा–जामनेरबद्दल सांगतात, दौंड–बारामतीबद्दलही सांगतात. फक्त हरभऱ्याच्या जागी कुठे बोरे येतात, कुठे ऊस. चढावर गाडी खरोखरच माणसाच्या चालीने जाई, तेव्हा गोष्ट खोटी नाही. पण ती सांगणाऱ्याने स्वतः केलेली असतेच असे नाही. तिने बाकीच्या आठवणींची जागा खाल्ली आहे. चांगला विचारणारा असेल तर हरभऱ्याच्या पुढे जातो. तिकीट कुठून काढायचा, खिडकी कोणत्या बाजूला होती, रात्री डब्यात उजेड असे का, गार्डच्या डब्यात काय भरलेले असे, इंजिनाला पाणी कुठे भरत, तोवर खाली उतरून चहा होई का आणि कुणाकडचा. असे विचारले की माणूस आधी ‘ते काय आठवतंय आता’ म्हणतो, आणि मग अर्धा तास थांबत नाही. साल चुकते, गाडीची वेळ चुकते, पण विहीर फलाटाच्या कोणत्या अंगाला होती हे सहसा चुकत नाही. फोटोतून नेमके तेच कळत नसते.

रेल्वेवाल्यांची घरे हा आणखी एक खजिना. कुर्डुवाडी हे रेल्वेच्या वर्कशॉपवर उभे राहिलेले गाव. फिटर, बॉयलरमेकर, खलाशी, फायरमन, गँगमन यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे राबल्या. बार्शी लाईट गेली तरी वर्कशॉप उरले, आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे येत राहिले. या घरांतल्या माणसांना ‘कोणत्या सालचे इंजीन’ विचारले तर ती खांदे उडवतात. कोणते इंजीन चढावर दम टाकायचे आणि कोणत्याचा ब्रेक नीट लागत नसे, हे मात्र नंबरासकट सांगतात. ह्यूजच्या यादीतला क्रमांक आणि फायरमनच्या तोंडचा क्रमांक एकाच फोटोवर जुळला की संग्राहक जो चेहरा करतो, तो पाहायला मिळावा म्हणून तरी या लोकांच्या संगतीत बसावे.

सध्या या कामाला सर्वांत योग्य जागा खानदेशात आहे. पाचोरा–जामनेर हा ५६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग पहिल्या महायुद्धाच्या शेवटाशेवटाला सुरू झाला आणि शंभर वर्षे चालून २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, थांबला. त्याच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली आहे. त्या गाडीच्या इंजिनाचे आणि डब्यांचे फोटो हजारोंनी निघाले असतील. मोबाईल हातात आल्यापासून रोळाचा हिशोब कुणाला राहिला आहे? पण स्टेशनांच्या आतले, तिकिटाच्या खिडकीतून बाहेर पाहणारे, मोऱ्यांचे, फाटकवाल्याच्या खोलीचे आणि बाजाराच्या दिवशी पाचोऱ्याला गाडीची वाट पाहत बसलेल्या बायांचे फोटो मी शोधले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले.